गरम पाण्याने धुऊ नये

एखादी गोष्ट एका माणसाला कळली, की ती दुसऱ्याला कळायला फारसे काही लागत नाही. एक कप चहा आणि अर्धे मिनिट पुरते. ती कळू नये म्हणून मात्र मोठी यंत्रणा उभारावी लागते. ज्या संशोधन कार्यक्रमाची ही हकिकत आहे त्याच्याकडे अशी यंत्रणा होती, आणि ती चोवीस माणसांच्या अखंड परिश्रमातून उभी राहिली होती, हे आरंभीच आदराने नमूद केले पाहिजे.

कार्यक्रम पाण्याचा होता. काही भागांतल्या विहिरींच्या पाण्यात एक क्षार असतो. तो वर्षानुवर्षे पोटात गेला की दात डागाळतात, सांधे धरतात, आणि चाळिशीतला माणूस जिना चढताना कठड्याची मनधरणी करू लागतो. हा क्षार धरून ठेवणारा लेप दिलेली मातीची गाळणी तयार करायची, असे ठरले. पाणी गावोगाव वेगळे, म्हणून सात गावांत सात केंद्रे निघाली. केंद्रांना नावेही होती, पण ती एका दमात म्हणता येत नसत (पाटीवर दोन ओळींत बसत नसत, म्हणून पाटीच लावलेली नव्हती). त्यामुळे केंद्रे आकड्यांनी ओळखली जात आणि त्यातली माणसेही. दोनचे सर, सहाच्या बाई. आपल्या गोष्टीतल्या बाई चौथ्या केंद्रात रसायनतज्ज्ञ होत्या. त्या चारच्या बाई. त्यांच्या अंगी हा आकडा इतका मुरला होता, की एकदा घरी दाराची घंटा वाजली तेव्हा त्यांनी आतून "थांबा, चार येतेय" असे सांगितले होते.

सात केंद्रांनी एकमेकांपासून काही शिकावे यासाठी मुख्यालयात ज्ञान-वितरण कक्ष होता. कक्षाचे काम डोळ्यांत भरण्यासारखे होते. दर सोमवारी वार्तापत्र निघे. त्यात वाढदिवस, निवृत्त्या आणि कक्षप्रमुखांचे मनोगत असे. दर तीन महिन्यांनी पडद्यावर सात चौकटींची बैठक भरे. शिवाय "ज्ञानकोठी" नावाचे संकेतस्थळ होते. त्यात चार हजार तीनशे बारा कागद जमा झाले होते आणि पहिल्या वर्षात ती कोठी एकूण नऊ वेळा उघडली गेली होती (पैकी सात वेळा परवलीचा शब्द बदलण्यासाठी). वार्षिक अहवालात याचे वर्णन "ज्ञानाची सुरक्षित साठवण" असे केले होते, आणि त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

केंद्रांना उत्साह यावा म्हणून गुण ठेवले होते. नवा निष्कर्ष काढणाऱ्या केंद्राला दहा गुण. तोच निष्कर्ष दोन केंद्रांनी काढला तर पाच-पाच. आणि दुसऱ्याचा निष्कर्ष वाचून आपला वेळ वाचवला तर शून्य. त्यामुळे प्रत्येक केंद्र आपला निष्कर्ष छापून येईपर्यंत, लग्न ठरत आलेल्या घरात स्थळाचे नाव जपावे तसा जपून ठेवत असे.

चारच्या बाईंच्या प्रयोगशाळेतला थंड पाण्याचा नळ एका मंगळवारी बिघडला. दुरुस्तीचा अर्ज करून त्यांनी तोवर गाळणी गरम पाण्याच्या नळाखाली धुतली आणि नेहमीसारखे पाणी गाळून तपासले. आकडा पाहून त्यांना वाटले आपणच काहीतरी चुकलो. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा तपासले. गाळलेल्या पाण्यात क्षार न गाळलेल्या पाण्याच्या तिप्पट होता. चार दिवसांत चार वेगवेगळ्या गाळण्यांवर त्यांनी तेच केले. चारही वेळा तेच. गरम पाण्याने लेप सैल होत होता, आणि महिनाभर धरून ठेवलेला क्षार गाळणी पुढच्या दोन दिवसांत एकदम सोडून देत होती. म्हणजे आपल्या कार्यक्रमाने एक असे यंत्र बनवले होते, जे विष जमा करून घरपोच देत होते.

शास्त्रज्ञाला अशा वेळी आधी आनंद होतो. बाईंनाही झाला. दहा गुण! मग त्यांना आपली थोरली बहीण आठवली आणि आनंद जागच्या जागी विरला.

ताई पाचव्या केंद्राच्या गावात राहायची. चाचणीसाठी सहाशे बारा घरांत गाळण्या दिल्या होत्या, त्यांतली एक ताईच्या ओट्यावर होती; बाईंनीच ओळखीने मिळवून दिलेली. बाईंनी फोन लावला.

"ताई, ती गाळणी तू कशी धुतेस गं?"

"कशी म्हणजे? आठवड्याला चांगल्या उकळत्या पाण्याने. तुमचाच माणूस सांगून गेला, स्वच्छ धुवा म्हणून. आता उकळत्याहून स्वच्छ आणखी काय असतं?"

"आजपासून थंड पाण्याने धू. आणि दोन दिवस त्यातलं पाणी पिऊ नका. भावजींनाही देऊ नकोस."

"म्हणजे ह्यांचे गुडघे दुखतात ते..."

"ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तू फक्त उकळतं पाणी वापरू नकोस."

"बरं. आणि शेजारची? तिला दिवस गेलेत. ती तर रोज उकळत्या पाण्याने धुते, बाळाला बाधू नये म्हणून. तिला सांगू ना?"

इथे चारच्या बाईंनी जे उत्तर दिले, ते कार्यक्रमाच्या शिस्तीचा उत्तम नमुना म्हणून नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, "दोन दिवस थांब. लेखी सूचना निघेल. असं तोंडी सांगितलं तर पाचव्या केंद्राला वाटेल मी त्यांच्या कामात नाक खुपसते आहे."

"बरं बाई," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

बाईंनी त्याच दुपारी नमुना क्रमांक सतरा भरला. निष्कर्ष दुसऱ्या केंद्रांना कळवायचा तर हा नमुना लागतो. त्यात एकवीस रकाने आहेत. नववा रकाना असा: "ही माहिती कार्यक्रमातील अन्य कोणास आहे काय?" बाईंनी प्रामाणिकपणे "माहीत नाही" असे लिहिले. तीन दिवसांनी नमुना परत आला. "माहीत नाही" हा पर्याय उपलब्ध नव्हता. मग त्यांनी "नाही" लिहिले. आठ दिवसांनी तो पुन्हा परत आला: अन्य कोणास माहिती नाही याचा अर्थ अन्य केंद्राने पडताळणी केलेली नाही, सबब प्रस्ताव अपूर्ण. बाईंनी दात-ओठ खाऊन "होय" लिहिले. यावर कक्षाचे उत्तर त्याच दिवशी आले, आणि कक्षाच्या इतिहासात एवढे तत्पर उत्तर दुसरे नाही. माहिती अन्य केंद्रास आधीच असल्याने ती पुन्हा कळवण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.

बाईंनी ज्ञानकोठीत शोध घेतला. "गरम पाणी" असे टाकल्यावर एकच कागद सापडला: मुख्यालयाच्या अतिथिगृहात गरम पाणी सकाळी सहा ते आठ या वेळेतच मिळेल.

मग त्यांनी कक्षप्रमुखांना फोन केला. कक्षप्रमुख अतिशय सज्जन गृहस्थ होते. ते कुणालाही नाही म्हणत नसत. त्यांच्याकडे "नाही" साठी वेगळा नमुना होता.

"साहेब, लोक ते पाणी पिताहेत," बाई म्हणाल्या.

"आपली तळमळ मी समजू शकतो," कक्षप्रमुख म्हणाले. "म्हणूनच हा विषय त्रैमासिक बैठकीत घेऊ. तुमच्यासारख्यांनी बोललंच पाहिजे. संवाद हाच आपल्या कार्यक्रमाचा कणा आहे."

"बैठक कधी आहे?"

"गेल्याच आठवड्यात झाली, म्हणजे पुढची लवकरच. पण घाई असेल तर मी विशेष बैठक लावतो."

विशेष बैठक चौथ्या आठवड्यात झाली. (साधी अकराव्या आठवड्यात होते, तेव्हा घाई केली नाही असे कुणाला म्हणता येणार नाही.) सात चौकटी उजळल्या. तिसऱ्या केंद्राचा आवाज येत नव्हता आणि सातव्या केंद्राचे फक्त छत दिसत होते. विषयपत्रिकेत अकरा विषय होते. बाईंचा अकरावा, "इतर". दहावा विषय "केंद्रांमधील संवाद अधिक गतिमान करणे" हा होता आणि तो एक तास पन्नास मिनिटे चालला. तो संपला तेव्हा पाचव्या केंद्राचे प्रमुख निघून गेले होते आणि दोनचे सर हात वर करून बसले होते. वेळेअभावी उर्वरित विषय पुढील बैठकीत घेण्याचे सर्वानुमते ठरले. तिसऱ्या केंद्राचा आवाज येत नसल्याने त्यांचे मत अनुकूल धरण्यात आले.

बाई पडदा बंद करून खुर्चीत बसून राहिल्या. तेवढ्यात दारात काचवाले उभे दिसले.

काचवाले म्हणजे परीक्षानळ्या, चंचुपात्रे, गाळण्याचे कागद वगैरे विकणारे गृहस्थ. साठीच्या आसपासचे, हातात कापूस भरलेली पेटी. गेली सोळा वर्षे ते सातही केंद्रांत दर पंधरवड्याला फिरत. काचेचा माल पोत्यासारखा टाकून जाता येत नाही. एकेक नळी मोजून, उजेडात धरून द्यावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात चहा येतो.

"बाई, चेहरा का उतरलाय? काही फुटलं का?"

बाईंनी सहज म्हणून सांगितले. काचवाले पेटीतून नळ्या काढत ऐकत होते.

"हां, ते गरम पाण्याचं ना?" ते म्हणाले. "दोनच्या सरांना गेल्या वर्षीच कळलं की ते. अकरा महिने झाले. बिचाऱ्यांनी सतरा नंबरचा कागद पाच वेळा भरला. सहाच्या बाईंनाही कळलंय. आणि सातला आता हाच प्रयोग चालू आहे, परवाच मी त्यांना चाळीस नळ्या दिल्या त्यासाठी."

बाईंच्या हातातली नळी पडली. (फुटली नाही. माल चांगला होता.)

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

काचवाल्यांना खरोखर आश्चर्य वाटले. "मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. तुम्ही सगळे एकाच कार्यक्रमात ना?"

हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागले. पण त्यांचे हात-पाय हलवले ते दुसऱ्याच वाक्याने. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला, सहजच, चौकशीला. बोलता बोलता बाई अवघडून म्हणाल्या, "ताई, ती सूचना अजून निघाली नाही गं. तुझ्या शेजारणीला..."

"तिला?" ताई म्हणाली. "तिला मी त्याच दिवशी सांगितलं."

"मी तुला थांब म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि गेले. पोटुशी बाई रोज ते पाणी पिते आणि मी तुझ्या कागदाची वाट बघत भाजी निवडत बसू? तिने तिच्या जावेला सांगितलं, जावेने पलीकडच्या चार घरांत. आठ दिवसांत सगळ्या गल्लीने उकळतं पाणी बंद केलं." मग जरा थांबून तिने विचारले, "तू गं? तू कुणाला सांगितलंस?"

बाईंनी मनात हिशेब मांडला. त्यांनी नमुना सतरा तीन वेळा भरला होता, एक फोन केला होता, तीन तास बैठकीला बसल्या होत्या. हे सगळे खरे होते. पण ताईने विचारले होते, कुणाला सांगितलंस; आणि पाच आठवड्यांत त्यांनी पाणी पिणाऱ्यांपैकी एका ताईखेरीज कुणालाही सांगितले नव्हते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि लहानपणी ताईने पाठीत धपाटा घातल्यावर यायचे तसे डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काचवाल्यांना गाठले. ते बसथांब्यावर पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

"काका, तुम्ही आता कुठल्या केंद्रात निघालात?"

"पाचला. मग सात, मग एक, मग तीन, शेवटी दोन आणि सहा."

"प्रत्येक ठिकाणी एकच सांगायचं. गाळणी गरम पाण्याने धुऊ नये. आणि घरोघर जे फिरतात ना, पाण्याचे नमुने गोळा करणारे, त्यांना सांगा, प्रमुखांना नको."

"प्रमुखांना मी कधीच काही सांगत नाही," काचवाले म्हणाले. "ते चहाला थांबत नाहीत."

अकरा दिवसांत ही गोष्ट सात केंद्रांत आणि तिथून सहाशे बारा घरांत पोहोचली. नमुने गोळा करणाऱ्या बायकांनी दारात उभे राहून सांगितले. जिथे घर बंद होते तिथे शेजारी निरोप ठेवला. पुढच्या महिन्याच्या तपासणीत सातही गावांतले आकडे एकदम खाली आले.

आकडे खाली आलेले पाहून मुख्यालयात खळबळ उडाली. काहीतरी कळले होते, आणि ते कक्षाला न कळता कळले होते. चौकशी समिती नेमली गेली. तिने एकशे चौदा पानांचा अहवाल दिला, आणि तो अत्यंत निःपक्षपाती होता. त्यानुसार अधिकृत मार्गाने एखादी माहिती एका केंद्रातून दुसऱ्यात जायला सरासरी चारशे तीस दिवस लागतात (न पोहोचलेल्या माहितीचे दिवस यात धरलेले नाहीत). "अनौपचारिक काच-मार्गाने" अकरा. यावरून समितीने निष्कर्ष काढला, की काच-मार्गात कार्यपद्धतीचा गंभीर अभाव आहे.

चारच्या बाईंना एकाच दिवशी दोन पाकिटे आली. एकात कार्यक्रमाबाहेरील व्यक्तीस माहिती पुरवल्याबद्दल ताकीद होती. दुसऱ्यात अंतर्गत संवादातील उल्लेखनीय कामगिरीबद्दल मानपत्र होते. दोन्हींवर कक्षप्रमुखांचीच सही होती आणि दोन्हींखाली "आपला स्नेहांकित" असे लिहिले होते. बाईंनी फोन करून यातले खरे कोणते असे विचारले, तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, "दोन्ही विभाग वेगळे आहेत हो. त्यांचा आपसात संपर्क नसतो."

भावजींचे गुडघे पाण्यामुळे दुखत होते की वयामुळे, हे अजून कळलेले नाही. या प्रश्नाचा अभ्यास मंजूर झाला असून तो तीन केंद्रे करत आहेत, एकमेकांना न सांगता. शेजारणीला मात्र मुलगी झाली, ठणठणीत. ताईने फोनवर तिचे रडणे ऐकवले तेव्हा बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले आणि बराच वेळ नुसते ऐकले.

काचवाल्यांचे पुढे भले झाले. समितीच्या शिफारशीनुसार त्यांना "फिरते ज्ञानदूत" नेमण्यात आले. गळ्यात ओळखपत्र, छातीवर बिल्ला, तीन दिवसांचे प्रशिक्षण (विषय: ऐकण्याची कला). आता प्रत्येक केंद्रात गेल्यावर ते आधी संमतिपत्रक पुढे करतात, समोरच्याची सही घेतात आणि मग विचारतात, "आपल्याकडे वाटून घेण्यायोग्य काही ज्ञान आहे काय?" समोरचा म्हणतो, "सध्या विशेष काही नाही." ते तसे लिहून घेतात. चहाच्या वेळात बोललेले इतिवृत्तात धरता येत नसल्याने चहा बंद झाला आहे. पहिल्या वर्षात त्यांनी एकशे अडुसष्ट भेटी दिल्या आणि एकशे अडुसष्ट वेळा विशेष काही नव्हते. अहवालात याला "संवादातील पूर्ण पारदर्शकता" म्हटले आहे.

मध्यंतरी ते चौथ्या केंद्रात आले तेव्हा बाईंनी दार लावून घेतले आणि हळूच विचारले, "काका, तीनला काय चाललंय?"

काचवाल्यांनी बिल्ल्याकडे पाहिले, मग बाईंकडे. "खरं सांगू? आता मलाच काही माहीत नसतं."

गाळणी अखेर बाजारात आली आहे, आणि ती चांगली आहे. गरम पाण्याची सूचना घराघरांत पोहोचावी म्हणून कक्षाने तिच्यासोबत एक माहितीपुस्तिका छापली आहे. पुस्तिका बत्तीस पानांची, सात भाषांत. पहिली सहा पाने मनोगतांची. सूचना सत्ताविसाव्या पानावर, तळाशी, चांदणीच्या खुणेने. पाहणीसाठी पाचशे घरे निवडली तेव्हा ती चारशे एक्क्याण्णव घरांत प्लास्टिकच्या पिशवीतच सापडली. उरलेल्या नऊ घरांत पिशवी उघडलेली होती. पिशवी हवी होती म्हणून.

याबद्दल कक्षाला हसणे सोपे आहे, आणि वाचकाने या ठिकाणी हसायला काहीच हरकत नाही. आपल्या स्वयंपाकघरातही पाण्याचे, वाटणाचे किंवा कपडे धुण्याचे एखादे यंत्र असेल. त्याच्यासोबत आलेली पुस्तिका आपण जपून ठेवली आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. तिच्या सत्ताविसाव्या पानावर काय आहे ते कुणीतरी, कुठेतरी, फार कष्टाने शोधून काढलेले आहे. ते आपल्याला कळवण्यात आलेले आहे, अशी नोंद आहे.